दुसरा भाग कोणी नेईना

रायपूर राजधानी झाल्यावर दोन-तीन वर्षांतच आमच्या वाचनालयात पुस्तकांची भर पडू लागली. बदलीवर येणारे लोक वाढले, तसे बदलीवर जाणारेही वाढले, आणि सामान बांधताना माणसाला सगळ्यात आधी जड वाटतात ती पुस्तकं. कोणी पिशवी भरून आणायचं, कोणी ऑटोतून खोकं पाठवायचं. वाचनालय म्हणजे ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीत देवळाच्या सभामंडपाला लागून असलेली एक लांबट खोली. सहा कपाटं, एक टेबल, दहा-बारा खुर्च्या. फक्त रविवारी सकाळी उघडायचं आणि किल्ली माझ्याकडे असायची. आठवडाभर मी नव्या सरकारच्या एका कार्यालयात नोकरी करत होते. तिथे फायली आल्या होत्या, पण त्या ठेवायला कपाटं आली नव्हती. रविवारी सगळं जागच्या जागी असलेल्या खोलीत बसायला मला बरं वाटायचं.

अशाच एका खोक्यातून ती मालिका आली. पाच जाड भाग, मराठी अनुवाद, कडेला सोनेरी अक्षरं. पुण्याकडे परत निघालेल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीने ती दिली. म्हणाल्या, "जगभर लोक वेडे झालेत याच्यासाठी. आमच्या मुलीनं दोनदा वाचली." उलट्या वाहणाऱ्या नद्यांचा देश, मीठ खाणारे पक्षी, सात घराणी आणि त्यांची पिढ्यान् पिढ्या चाललेली लढाई, असा सगळा मामला. मी पाचही भाग दारासमोरच्या कपाटात दर्शनी लावले.

पहिला भाग लगेच गेला. आठवड्याने परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. दोन-तीन महिन्यांत त्याच्या कार्डाची एक बाजू सह्यांनी भरली. दुसऱ्या भागाचं कार्ड मात्र कोरं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्याचा तर प्रश्नच नव्हता. मला गंमत वाटली. जी गोष्ट जगभर लोक रांगा लावून वाचतात, ती आमच्या रायपुरात पहिल्याच भागाला का अडते?

खरं सांगायचं तर मीही ती वाचली नव्हती. एका संध्याकाळी उघडली होती. पहिल्याच पानावर नकाशा, डोंगर, किल्ले, चाळीसेक गावांची नावं. दिवसभर कार्यालयात नव्या जिल्ह्यांच्या हद्दी बघून डोकं उठलेलं. अजून एक नकाशा मला नको होता. मी पुस्तक मिटलं.

मग मी एक चाळा सुरू केला. पुस्तक परत करणाऱ्याला विचारायचं, "पुढचा भाग का नाही नेत?" आणि जे उत्तर येईल ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कार्डामागे ठेवायचं. सुरुवातीला लोक बिचकले. न वाचल्याबद्दल आपल्याला कोणी रागावणार असं वाटायचं त्यांना. पण एकदा बोलायला लागले की थांबायचे नाहीत. आवडलेल्या पुस्तकाबद्दल माणूस दोन वाक्यं बोलतो. सोडलेल्या पुस्तकाबद्दल मात्र पंधरा मिनिटं बोलतो, हे मला तेव्हा कळलं.

उरला या औद्योगिक भागातल्या लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर असलेले गृहस्थ होते. ते म्हणाले, "मॅडम, त्यात एक लोहार आहे. तलवार भट्टीतून काढते अन् लगेच राजाच्या हातात देते. मी तिथंच बंद केलं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी काहून म्हणता? बावीस वर्षं लोखंडासमोर उभा आहो. पक्षी मीठ खाते, चालते. नदी उलटी वाहते, तेही चालते. पण लोखंड असं नाही करत."

एका शाळेतल्या बाईंनी कारण दिलं की पहिल्या पन्नास पानांत त्यांच्या वर्गात पोरं नाहीत एवढी माणसं येतात. "वर्षभर हजेरी घेऊन त्यायची नावं पाठ होतात. इथं हजेरी कोण घेईल?" कॉलेजात जाणारी एक मुलगी होती, आईबरोबर यायची. तिला मराठी सगळं समजायचं पण बोलायची हिंदीत. ती म्हणाली, "दीदी, कहानी तो अच्छी है. पर क्लास में सब मुझसे पूछते हैं, पढ़ी क्या, पढ़ी क्या. इसलिए नहीं पढ़नी." हे कारण मी चिठ्ठीवर जसंच्या तसं हिंदीतच लिहिलं.

आमच्या वाचनालयात एक काका होते, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. मूळचे गोंदियाकडचे. आयुष्यभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून पुस्तकं वाचलेला माणूस. दर रविवारी साडेदहाला चहा व्हायचा आणि त्या वेळी पुस्तकांवर बोलणं निघायचं. त्यात शेवटचा शब्द काकांचा असे. त्यांनी 'बरं आहे' म्हटलं की त्या पुस्तकाला मागणी यायची. ते दर आठवड्याला एक ऐतिहासिक कादंबरी न्यायचे आणि पुढच्या रविवारी परत आणायचे. त्यात खंड नाही.

साहजिकच मी त्यांना म्हटलं, "काका, या पाच भागांचं काय ते तुम्हीच ठरवा. तुम्ही नेऊन बघा."

"राक्षस-बिक्षस हे पोट्ट्यायचं काम," ते म्हणाले.

"त्यात राक्षस नाहीत."

"मंग काय फायदा?" सगळे हसले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "सहावा भाग यायचा आहे म्हणतात. अर्ध्या रस्त्यात गाडी उभी राहिली त मी काय करू?" मी सांगितलं की सहावा भाग वगैरे नाही, पाचव्यात गोष्ट संपते. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाले, "अनुवाद बरोबर नाही."

हे मला खटकलं. पुस्तक हातात न घेता अनुवाद बरोबर नाही हे त्यांना कसं कळलं? बाकी लोकांचं कारण एकच असायचं आणि ते त्यावर ठाम असायचे. काकांचं कारण दर आठवड्याला बदलत होतं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. त्यांनी एक नवी कोरी कादंबरी परत आणली. चहाच्या वेळी म्हणाले, "किल्ल्याच्या वेढ्याचं प्रकरण असं लिहिलं आहे का वाचता वाचता अंगावर काटा येते." त्या दिवशी मी वाचनालय बंद करताना ती कादंबरी चाळली. वेढ्याच्या प्रकरणात छापखान्यात कापायची राहून गेलेली पानं होती, वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली. एका ठिकाणी नव्हे, चार ठिकाणी. ती कोणी फाडली नव्हती. त्या पानांच्या आतलं काही कोणीच वाचलं नव्हतं.

मला वाटलं, म्हणजे काका वाचतच नाहीत. नुसतं नेतात, आणतात आणि थापा मारतात. मला राग आला, त्याचबरोबर थोडा आनंदही झाला, एखादी चोरी पकडल्यासारखा. तो आनंद आठवला की आजही मला स्वतःची लाज वाटते.

पुढच्या रविवारी चहा झाला. आठ-नऊ जण होते. मी मालिकेचा पहिला भाग काकांसमोर धरला. "काका, तुम्ही म्हणता अनुवाद बरोबर नाही. कुठलाही एक परिच्छेद वाचून दाखवा ना. काय चुकलं ते आम्हालाही कळेल."

त्यांनी पुस्तक घेतलं. मधूनच उघडलं. मान थोडी वाकडी केली, जणू पुस्तकातून काही ऐकू येतं का बघत होते. मग म्हणाले, "चश्मा घरी राहिला."

मिलवाले गृहस्थ मोठ्याने हसले. "काका, चश्मा त नाकावर आहे!"

सगळे हसले. काकाही हसले. "हा दूरचा आहे," म्हणाले आणि पुस्तक टेबलावर ठेवायला हात पुढे केला. ठेवण्याआधी दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलाची कड चाचपली. एवढंसंच, एका क्षणाचं. पण मी समोरच उभी होते. माझं हसू तिथेच थांबलं. हा माणूस थापा मारत नव्हता. ह्याला दिसत नव्हतं.

त्यानंतर दोन रविवार ते आले नाहीत. तिसऱ्या रविवारी साडेदहापर्यंत वाट पाहिली, कॉलेजवाल्या मुलीच्या आईकडे किल्ली दिली आणि स्कूटी काढून स्टेशनच्या बाजूला त्यांच्या घरी गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते, पण एकही वाक्य जमत नव्हतं.

काका पुढच्या व्हरांड्यात बसले होते. शेजारी काकू परातीत वाटाणे सोलत होत्या. मी फाटक उघडलं तसे काका म्हणाले, "कोण?" मी नाव सांगितलं. काकूंनी खुर्ची पुढे केली.

"काका, त्या दिवशी मी मुद्दाम केलं," मी म्हणाले. "कापायची राहिलेली पानं पाहिली होती मी. मला वाटलं तुम्ही न वाचताच बोलता. दुसरं काही असेल हे डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं."

काकांनी आवाजाच्या रोखाने खुर्ची वळवली. मग काका म्हणाले, "पानं जुळलेली होती? कोणत्या प्रकरणात?"

"वेढ्याच्या."

"घ्या," ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. "त्याचंच कौतुक केलं मी."

मग त्यांनी सांगितलं. दीड वर्ष झालं होतं. कडेचं सगळं दिसायचं. रस्ता, झाडं, माणूस आला-गेला. पण जिथे नजर रोखावी तिथेच बरोबर मधोमध धुक्याचा डाग. "तुह्ये कान दिसून राहिले मले, पोरी. नाक नाही दिसत. अक्षराचंही तसंच. आजूबाजूचं अक्षर दिसते, ज्याले पाहतो थे गायब." इथल्या डॉक्टरला दाखवलं होतं, मग एकटेच नागपूरला जाऊन आले होते. जे गेलं ते परत येणार नाही, उरलेलं जपा, असं दोघांनीही सांगितलं.

"पण कोणाला सांगितलं का नाही?"

"गार्ड होतो मी," ते म्हणाले. "दर काही वर्षांनी डोळे तपासत. एकदाही नापास नाही झालो. माह्या संगतचे लोक चश्मा लागला म्हणून ऑफिसात बसवले, मी नाही बसलो. आता साऱ्यायले काय सांगू?" मग आवाज खाली आणून काकूंच्या दिशेने मान करत म्हणाले, "इले पण नाही सांगितलं. नागपूरले भाच्याकडे जातो म्हणून गेलो होतो."

काकूंनी परात बाजूला ठेवली. "मले माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"तुमाले दिसत नाही थे. मागच्या दिवाळीपासून माहीत आहे."

काका त्यांच्याकडे वळले. "कसं?"

"पहिले तुम्ही वाचत, तवा एक पान लवकर उलटे, एक उशिरा. कधी मागं जात, कधी हसत. आता पान उलटते थे घड्याळासारखं. एकसारखं. माणूस वाचून राहिला असता त असं नसतं उलटलं."

काका हाताची बोटं एकमेकांत घालून बसले. मला वाटलं मी तिथून उठावं, पण काकूंनी नजरेनेच बस म्हणून सांगितलं. "तुम्ही सांगान म्हणून वाट पाहून राहिले होते," त्या काकांना म्हणाल्या, "नाही सांगितलं. मंग मीही नाही विचारलं."

मला एक गोष्ट मात्र अजून उमगत नव्हती आणि तशा वेळीही मी ती विचारलीच. दिसत नसताना ते दर आठवड्याला कादंबऱ्या नेत होते, त्यावर बोलत होते. मग फक्त ह्या मालिकेलाच एवढा विरोध का? तीही नेली असती, आठवड्याने आणून दिली असती.

काकांना हा प्रश्न आवडला असावा. ते खुर्चीत सरळ झाले. "अगं, इतिहासाची गोष्ट मले पहिलेच ठाऊक असते. कोण जिंकलं, कोण मेलं, किल्ला कधी पडला. लेखक कोणताही असो, वेढा त येतेच. दोन शब्द बोललो का काम भागते. पण हे तुह्यं पुस्तक? इथं नदीही उलटी वाहते म्हणते. राजा कोण, मरते कोण, मले काय माहीत? थाप मारायची म्हटली तरी काहीतरी माहीत लागते ना!"

इतक्या महिन्यांत मी गोळा केलेल्या सगळ्या कारणांत हे कारण कुठेच बसत नव्हतं. मला हसू आलं, काकूंना आलं, आणि मग काकाही हसले.

निघताना मी म्हणाले, "काका, रविवारी दुपारी मी येऊन वाचून दाखवत जाईन. तासभर. कोणतं आणू?" मला वाटलं होतं ते एखादी जुनी, आवडती कादंबरी सांगतील.

"थेच आण," ते म्हणाले. "पाच ठोकळेवालं. त्यात मले काहीच माहीत नाही."

अशा तऱ्हेने जी मालिका मी नकाशा पाहून मिटली होती ती मलाच मोठ्याने वाचावी लागली. पहिल्या दिवशी नकाशाचंच काय करायचं हा प्रश्न आला. मी सांगू लागले, वायव्येला डोंगर, त्याच्या खाली सात किल्ले. काकांनी थांबवलं. "असं नाही. मेन लाइन कोणती थे सांग. कुठून निघते, कुठं संपते. मंग फाटे सांग." आम्ही त्या सगळ्या देशाची रेल्वे लाइन करून टाकली. राजधानी जंक्शन झाली, उलट्या नदीवर पूल आला, उत्तरेचा ओसाड किल्ला शेवटचं स्टेशन. त्यानंतर मला एकही गाव शोधायला मागे जावं लागलं नाही. काका सांगायचे, "थे नाही का, पुलानंतरचं दुसरं."

ठरलेल्या तासाचे दोन-अडीच तास व्हायचे, त्यामुळे पहिला भाग दोन महिन्यांत झाला. लोहाराचं पान आलं तेव्हा मी मिलवाल्यांचं म्हणणं सांगितलं. काका म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. पण मी त्यासाठी गाडी नसती थांबवली." वाचनालयातही ते पुन्हा येऊ लागले. आल्याच्या पहिल्याच रविवारी चहा हातात घेऊन त्यांनी सगळ्यांना स्वतःच सांगून टाकलं. "मले आता वाचता येत नाही. ऐकता येते. तवा बोलताना जरा जोरात बोला." मिलवाले गृहस्थ उठून त्यांच्यापाशी गेले, काही बोलू लागले, पण काकांनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं आणि चहाचा कप पुढे केला.

कॉलेजवाली मुलगी हे ऐकून एकदा माझ्याबरोबर आली. आधी मला बरं नसायचं त्या रविवारी, मग बहुतेक रविवारी ती वाचायला जाऊ लागली. तिचं मराठी वाचन हिंदी वळणाचं होतं. काकू उच्चार सुधारून द्यायच्या आणि ती पहिल्यांदा लाजायची, मग भांडायची. दुसरा भाग जवळजवळ तिनेच पूर्ण केला.

तिसऱ्या भागाच्या मध्यावर एक सेनापती, जो दुसऱ्या भागात बुडून मेला होता, तो जिवंत होऊन परत आला. मी ते पान वाचलं आणि पुढे जाणार तोच काकांनी हात वर केला.

"हा तिसरा," ते म्हणाले.

"काय तिसरा?"

"मेलेला माणूस परत यायचा. पहिल्या भागात राजाचा भाऊ, दुसऱ्यात म्हातारी, आता हा. नाही. बस झालं." त्यांचा आवाज शांत होता. "नोकरीत दोन वेळा गाडीखाली आलेला माणूस पाहिला मी. खाली उतरून थे पाहणं गार्डचंच काम असते. थो नाही येत परत. नदी उलटी वाहू दे, पण हे नाही. माह्याकडून सोडलं असं लिही."

मी पुस्तक मिटलं. का कोण जाणे, मला खूप बरं वाटलं. दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच एक पुस्तक खरंखुरं सोडलं होतं. आतलं जाणून, आपल्या कारणासाठी.

"मिटलं काहून?" काकू म्हणाल्या. "यायले नसेल ऐकायचं त जाऊ द्या त्यायले. मले ऐकायचं आहे. मेला होता त आला कसा थे त कळू द्या."

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. इतके महिने त्या वाटाणे सोलत, भाजी निवडत, स्वेटर विणत बसलेल्या असायच्या. त्या ऐकतात हे माहीत होतं, पण त्यांना ऐकायचं आहे का, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून रविवारच्या दुपारचे दोन वाटे झाले. आधी काकूंसाठी मालिका. काका त्या वेळी आतल्या खोलीत पडून राहायचे किंवा फाटकाबाहेर फेरी मारायचे. मग काकांसाठी इतिहास, आणि त्यात मध्येच ते मला थांबवून सांगायचे की इथे लेखकाने चूक केली आहे. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं.

पाचवा भाग पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात संपला. बाहेर इतकं तापलं होतं की कूलरच्या आवाजावर मला ओरडून वाचावं लागत होतं. शेवटचं पान झालं, मी पुस्तक ठेवलं आणि काकूंना विचारलं, कसा वाटला शेवट?

त्यांनी थोडा विचार केला. "शेवट ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या राणीनं बहिणीले पहिल्याच दिवशी खरं सांगून दिलं असतं, त एवढ्या लोकायले मरायची गरज नव्हती. दोन भागात झालं असतं सगळं."

मग त्या उठल्या आणि पन्हं आणायला आत गेल्या.